कानदगड

“आपल्याला ऐकूच आलं नाही, तर जायचा प्रश्न येतोच कुठं?” असं एका गावात एक पाटील एकदा फार हळू आवाजात म्हणाला. ज्याच्याशी तो बोलत होता तो देवळाचा गुरव मान हलवत होता. आणि जिच्याशी तो बोलत नव्हता ती त्याची नवी सून माजघरात दाराआड तांदूळ निवडत बसली होती.

नव्या सुनेचं असंच असतं. ती घरात आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, पण ती पलीकडच्या खोलीत आहे हे घरातल्यांच्या लक्षात राहत नाही. मांजर फिरत असताना माणसं जशी बिनघोर बोलतात, तशी ती नव्या सुनेच्या आसपास बोलतात.

“उद्यापासून देवळासमोर ढोल सुरू करायचे,” पाटील म्हणाला. “उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. थांबायचे नाहीत. एक दमला की दुसऱ्यानं घ्यायचा.”

“लोक विचारतील, पाटील. जत्रा तर अजून लांब आहे.”

“देवीनं मागितलं म्हण.”

“देवीनं?” गुरव घुटमळला. “देवीनं गेल्या पावसाळ्यापासून माझ्याकडं काही मागितलेलं नाही.”

“मग आता मागितलं. आणि हे तुझ्या-माझ्यात. आमच्या सूनबाईंच्या तर कानावरसुद्धा जाता कामा नये.”

सूनबाईंनी तांदळातला एक खडा वेचला आणि बाजूला ठेवला.

आता पाटलाला ढोलांची एवढी घाई का झाली, ते सांगायला हवं.

हे गाव एका उंच घाटाच्या माथ्यावर होतं. घाटात तीनच गावं. पायथ्याशी खालचं गाव, मध्यावर मधलं गाव आणि माथ्यावर हे वरचं गाव. प्रत्येक गावाच्या वेशीत एक मोठा नगारा होता, आणि नगाऱ्याशेजारी कानाच्या आकाराचा एक काळा दगड. त्याला कानदगड म्हणत.

रीत अशी होती, की गावावर संकट आलं तर त्या गावानं नगारा वाजवायचा. शेजारच्या गावात तो ज्याच्या कानावर पडेल त्यानं आपल्या वेशीत यायचं, कानदगडावर हात ठेवायचा आणि मोठ्यानं एकच शब्द म्हणायचा, ‘ऐकलं’. एकानं म्हटलं की अख्ख्या गावानं ऐकलं असं धरायचं. मग आपला नगारा वाजवायचा आणि हाताला लागेल ते हत्यार घेऊन मदतीला निघायचं. बोलणारा बाई आहे की बुवा, लहान आहे की मोठा, याच्याशी त्या दगडाला काही घेणं नव्हतं. तो गावचा असावा आणि त्यानं खरोखर ऐकलेलं असावं, एवढं पुरे. कानदगडावर हात ठेवून खोटं बोलायची कुणाची छाती होत नसे.

आणि ज्या गावात कुणी ऐकलंच नाही, त्या गावावर बंधन नाही. पूर्वजांनी ही सूट उलट्या वाऱ्यासाठी ठेवली होती. वारा काही वर्षानुवर्षं उलटा वाहत नाही. पण सूट होती ती राहिली.

त्या वर्षी समुद्राकडून एक राजा घाटाकडे निघाला होता. त्याला सगळा घाट हवा होता, पण तो हावरट असला तरी घाईचा नव्हता. त्यानं आधी खालचं गाव घेतलं. तिथली जी माणसं जगली ती रानात पळाली. आता त्याचे तंबू मधल्या गावाच्या खाली पडले होते, आणि वरच्या गावात रोज चावडीवर भांडण होत होतं.

“मधल्यांनी नगारा वाजवायची वाट कशाला बघायची? आजच निघा!” असं ओरडणाऱ्यांत सगळ्यांत पुढे होते म्हातारे हवालदार. तोफखान्यात उभं आयुष्य गेल्यामुळे त्यांना तोफेखेरीज काही ऐकू येत नसे, आणि एक पाय अधू असल्यामुळे त्यांना कुठे जायचंही नव्हतं.

“हवालदार, तुम्ही येणार का पुढं?” एक दुकानदार त्यांच्या कानाशी ओरडला.

“जेवण? झालंय माझं!” हवालदार म्हणाले, आणि चावडी हसली.

“हसा,” दुकानदार म्हणाला, “पण मला सांगा, घाट त्या राजाचा झाला तर आपलं काय जातं? मीठ तोही खाईल, कापड तोही नेसेल. दोघं लढताहेत तर लढू द्या. आपण माथ्यावरचे. आपल्यापर्यंत चढायला त्याला किती दम लागेल!”

पाटील मात्र हसत नव्हता आणि ओरडतही नव्हता. तो भित्रा नव्हता, हेही इथे सांगायला हवं. पूर्वी एकदा मधल्या गावाचा नगारा वाजला होता. तेव्हा कानदगडावर पहिला हात पडला तो पाटलाच्या थोरल्या मुलाचा, मानाजीचा. सगळं गाव त्याच्यामागून धावत गेलं. मधलं गाव वाचलं. मानाजी परत आला तो चौघांच्या खांद्यावरून. आणि पुढच्याच उन्हाळ्यात मधल्या गावानं कुरणावरून वरच्या गावाशी भांडण काढलं. ते भांडण बरीच वर्षं चाललं. ते मिटावं म्हणूनच तर मधल्या गावच्या पाटलाची लेक या पाटलानं धाकट्या मुलाला, सिदोजीला, करून आणली होती. तीच ही तांदूळ निवडणारी.

माहेरी तिचं नाव ठकू होतं. सासरी तबकातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं गेलं, अन्नपूर्णा. नाव सासूनं निवडलं होतं. माप ओलांडून ती आत आली तेव्हा सगळ्या आयाबायांच्या देखत सासूनं तिला बजावलं होतं, “आजपासून हेच तुझं गाव. तिकडचं नाव काढायचं नाही. तू आता इकडची.”

“होय, आत्याबाई,” ती म्हणाली होती. ठकू मुळातच कमी बोलायची. अन्नपूर्णा तर त्याहून कमी बोलू लागली. पण दोघींचे कान एकच होते.

तांदूळ निवडता निवडता तिला आठवलं, की काही दिवसांपूर्वी राजाचा एक गोडबोल्या वकील या घरी येऊन गेला होता. त्याच्यासाठी गूळपाणी घेऊन तीच बाहेर गेली होती. त्यानं पाटलाच्या खांद्यावर एक शाल घातली. लाल, पोपटी काठांची, काठावर एकमेकांकडे पाठ करून बसलेले मोर.

“आमच्या राजाचं तुमच्याशी काही भांडण नाही,” वकील म्हणाला होता. “मधल्या गावाशी थोडं बोलायचं आहे, ते बोलून तो जाईल. तुम्ही फक्त शांत राहा. शांत माणसांची त्याला फार कदर आहे.”

शाल पाहून तिला तेव्हाच वाटलं होतं की ही आपण कुठेतरी पाहिली आहे. कुठे, ते मात्र आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ढोल सुरू झाले. आठवडा लोटला. देवीला साद गेली नसेल, पण म्हशींचं दूध आटलं, तान्ही मुलं किरकिरू लागली आणि दुकानदार कानात कापूस घालून गिऱ्हाइकाला गुळाच्या जागी मीठ देऊ लागला. दोन माणसांना एकमेकांशी बोलायचं असलं की हातवारे करावे लागत. चावडीवरचं भांडणही बंद पडलं, कारण ऐकू येत नसताना भांडणार कसं? पाटील शाल पांघरून देवळाच्या पायरीवर बसून असे. ढोल जरा मंदावला की नुसती मान वर करी.

ढोल वाजवणाऱ्यांत सिदोजीही होता. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या तळहातांना फोड आले होते. अन्नपूर्णा खोबरेल तेलात हळद कालवून त्याच्यासमोर बसली.

“दुखतंय?” तिनं विचारलं.

“देवीचं काम आहे.”

“देवीनं सांगितलं?”

सिदोजीनं दाराकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. “आबांनी,” तो म्हणाला.

ती हळद लावत राहिली.

“दादा गेला तेव्हा मी पोर होतो,” सिदोजी म्हणाला. “आई अजून त्याचं पान मांडते. तू पाहिलं असशील. मांडते, आणि मग कुणी बघायच्या आत उचलते.”

तिनं पाहिलं होतं. पहिल्या दिवशी तिला वाटलं होतं सासूबाई पानं मोजायला चुकल्या.

“आबा म्हणतात, एक दिला, आता दुसरा द्यायचा नाही. मी त्यांना काय सांगू? तूच सांग.” तो थोडा थांबला. “उद्या तुझ्या बाबांनी नगारा वाजवला, आणि तुला ऐकू आला, तर काय करशील?”

“हात पुढं करा,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या तळव्याला हळद लावू लागली.

नेमकं त्याच वेळी तिला ती शाल आठवली होती.

ती शाल तिनं स्वतःच्या लग्नात पाहिली होती. तिच्या बाबांच्या अंगावर. तोच लाल रंग, तेच पोपटी काठ, तेच पाठमोरे मोर. आणि त्या दिवशी वाजंत्री काही केल्या थांबत नव्हती. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, पाहुण्यांची डोकी दुखायला लागली. आई कपाळाला हात लावून म्हणाली, “अहो, आता पुरे करा की!” तर बाबा म्हणाले, “वाजू दे. आज वाजायलाच हवं.” तिला वाटलं होतं, लेकीच्या लग्नाचा आनंद. वरात घाट चढून माथ्यावर आली आणि पाठोपाठ बातमी आली की खालचं गाव पडलं. त्याच दिवशी पडलं. बातमी आणणारा म्हणाला होता, खालच्यांनी नगारा फुटेपर्यंत वाजवला. मधल्यांना ऐकू गेला नाही म्हणे.

म्हणजे मधल्या गावालाही कुणीतरी सांगितलं असणार, राजाला फक्त खालच्या गावाशी थोडं बोलायचं आहे.

सिदोजी केव्हाच झोपायला गेला होता. ती तेलाची वाटी हातात घेऊन बसून राहिली.

वरच्या गावाला पाणी एका झऱ्यावरून आणावं लागे. झरा वेशीबाहेर, उताराच्या बाजूला, एका प्रचंड कातळामागे होता. बायका सकाळी तिथे घागरी घेऊन जात. ढोल सुरू झाल्यापासून त्या झऱ्यावर जरा जास्तच रेंगाळत, कारण कातळाआड गेलं की ढोल एकदम दूर गेल्यासारखे वाटत आणि दोन शब्द बोलता येत. पुरुषांनी गावभर ढोल वाजवले होते; झऱ्याचा विचार कुणी केला नव्हता. पाणी भरायला त्यांच्यापैकी कुणी कधी गेलंच नव्हतं.

त्या सकाळी गुरवाची बायको सांगत होती, “आमच्या ह्यांना आता स्वप्नातसुद्धा ढोल ऐकू येतो. काल झोपेत माझ्या पाठीवर वाजवत होते.” बायका हसल्या. पाटलीणबाईंची घागर झऱ्याखाली होती. अन्नपूर्णा त्यांच्या मागे, नंबर धरून.

आणि खालून आवाज आला.

दोन जड ठोके, एक हलका. दोन जड, एक हलका.

हसणं मध्येच थांबलं. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. गुरवाची बायको वाकून घागरीचं बूड घासू लागली, जे स्वच्छच होतं. दुसरीनं चुंबळ सोडली आणि पुन्हा वळायला घेतली. एका म्हातारीनं डोळे मिटले, जणू डोळे मिटले की कानही मिटतात. पाटलीणबाईंची घागर भरली, काठावरून वाहू लागली, त्यांच्या पायांवरून पाणी जाऊ लागलं, तरी त्यांनी ती बाजूला घेतली नाही.

दोन जड, एक हलका.

अन्नपूर्णेला हात ओळखू आला. तिच्या बाबांचा उजवा हात पूर्वी एकदा मोडला होता, म्हणून त्यांचा तिसरा ठोका नेहमी हलका पडे. लहानपणी ती त्यांना त्यावरून चिडवायची.

“चला,” पाटलीणबाई शेवटी म्हणाल्या. “उशीर झाला.” त्यांचा आवाज त्यांच्याच ओळखीचा नव्हता.

बायका रांगेनं वर निघाल्या. कातळ ओलांडला आणि ढोलांनी पुन्हा सगळं झाकून टाकलं. गुरवाच्या बायकोनं सुटकेचा श्वास घेतला, तो मागच्या सगळ्यांना दिसला.

वेशीतून आत गेलं की डावीकडे देऊळ आणि पाटलाचं घर, उजवीकडे नगारा आणि कानदगड. बायका डावीकडे वळल्या. अन्नपूर्णा वेशीत थांबली. मग तिनं डोक्यावरची घागर उतरवली आणि ती उजवीकडे वळली.

कानदगडाजवळ नव्या सुनेनं एकटीनं जाणं ही साधी गोष्ट नव्हती. देवळासमोरून सिदोजीनं तिला पाहिलं. त्याचा हात वर गेला, पण खाली आला नाही. त्याच्या शेजारच्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचाही ठोका चुकला. एकेक करत ढोल अडखळले आणि मग सगळेच थांबले.

इतक्या दिवसांनी गाव गप्प झालं. आणि त्या शांततेत, खालून, अगदी स्पष्ट:

दोन जड, एक हलका.

आता ते सगळ्यांनाच ऐकू येत होतं. म्हणजे हवालदार सोडून. ते पारावर बसून “काय झालं? ढोल का थांबले? काय झालं रे?” असं एकेकाला विचारत होते. साऱ्या गावात ज्याला ऐकायची हौस होती तो एकच माणूस, आणि त्यालाच ऐकू येत नव्हतं. बाकी सगळे पाटलाकडे पाहत होते.

पाटील पायरीवरून उठला. “वाजवा,” तो म्हणाला.

कुणी हललं नाही.

“अरे वाजवा! अजून कुणी तो शब्द बोललेलं नाही. बोलल्याशिवाय बंधन नाही.” तो झपाझप वेशीत आला. “सूनबाई, घरी चला.”

ती खाली पाहत उभी राहिली, पण हलली नाही.

पाटील गावाकडे वळला. “खालच्यांनी हाक मारली तेव्हा या मधल्यांनी ऐकलं होतं का? विचारा! त्यांच्याकडं त्या दिवशी लग्न होतं म्हणे! वाजंत्री वाजत होती! त्यांनी ऐकायचं नाही, आणि आपण मात्र पोरं पाठवायची?”

मागे कुणीतरी “बरोबर आहे” म्हणालं. बहुधा दुकानदार.

अन्नपूर्णा काहीतरी बोलली. इतकं हळू, की ते पाटलाला आणि एव्हाना शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या पाटलीणबाईंनाच ऐकू गेलं.

“काय म्हणाली? काय म्हणाली ती?” हवालदार ओरडले.

पाटलीणबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि सुनेचे शब्द मोठ्यानं, जसेच्या तसे, सगळ्यांना सांगितले. “ती म्हणाली, ते लग्न माझंच होतं, मामंजी. आणि माझ्या बाबांच्या अंगावर हीच शाल होती.”

सगळ्यांचे डोळे शालीवर गेले. पाटलाचाही हात शालीवर गेला. काठावरचे मोर एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

“पाटील,” गुरव हळूच म्हणाला. नगारा वाजवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरात होतं, म्हणून हा विचार आधी त्याला सुचला असावा. “खालचं गाव वाजवतं ते मधल्यासाठी. मधलं वाजवतं ते आपल्यासाठी. उद्या मधलं गेलं, आणि आपल्यावर वाजवायची पाळी आली, तर मी तो कुणासाठी वाजवू? आपल्या वर तर नुसतं आभाळ आहे.”

खालून येणारे ठोके आता जरा अनियमित झाले होते. हलका ठोका मधूनच गळत होता.

पाटलाचा आवाज उतरला. आता तो गावाशी बोलत नव्हता, तिच्याशी बोलत होता. “पोरी, मला कळत नाही असं वाटतं का तुला? सगळं कळतं. पण या दगडावर माझ्या मानाजीनं हात ठेवला होता. तू ठेवलास तर सिदोजी जाईल. तुझ्या हातांवरची मेंदी अजून गेलेली नाही.”

अन्नपूर्णेनं देवळाकडे पाहिलं. सिदोजी ढोल गळ्यातून काढत होता. त्याच्या तळहातांवर हळद तशीच होती.

मग पाटलाला एकदम काहीतरी सुचलं. बुडत्याला काठ दिसावा तसा त्याचा चेहरा झाला. “आणि हिनं म्हटलं तरी ते धरायचं नाही! ही त्या गावची. ती माहेरासाठीच बोलणार. कानदगडाला गावचा माणूस लागतो!”

गावात कुजबुज झाली. मुद्दा रीतीला धरून होता. अन्नपूर्णा दगडापासून हातभर अंतरावर उभी होती, आणि या प्रश्नाचं उत्तर तिला स्वतःला देता येण्यासारखं नव्हतं. आपण कुठल्या गावच्या, हे तिला आजवर दुसऱ्यांनीच सांगितलं होतं.

उत्तर पाटलीणबाईंना ठाऊक होतं. ते दिलं तर काय होईल हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी डोक्यावरची घागर उतरवली. ती नीट टेकायच्या आधीच त्यांनी सोडली आणि अर्धं पाणी सांडलं. मग त्या नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या, “ती इकडची आहे. नाव मी ठेवलंय. सगळ्यांच्या देखत सांगितलंय, हेच तुझं गाव.”

“अगं, तुला कळतंय का तू काय बोलतेस?”

“कळतंय. झऱ्यावर मीही होते.” आणि त्या तिथेच, सांडलेल्या पाण्यात, मटकन खाली बसल्या.

पुढे काय झालं ते घाटात अजून सांगतात. वरचं गाव उतरलं आणि राजाची फौज घाटाच्या अरुंद वळणात सापडली. समोर मधलं गाव, वरून हे लोक, आणि मागून, कुणी बोलावलं नसताना, खालच्या गावची रानात लपलेली माणसं. राजा आला त्या वाटेनं परत गेला, आणि परतताना मात्र त्याला घाई होती. वरच्या गावची काही माणसं परत आली नाहीत. दुकानदाराचा भाऊ त्यातलाच एक. सिदोजी आला, पण त्याच्या डाव्या हाताची बोटं गेली, त्याला पुन्हा ढोल वाजवता आला नाही. पाटलीणबाईंनी त्या लाल शालीच्या पट्ट्या फाडून जखमा बांधल्या. हवालदार पुढे जन्मभर सांगत राहिले की निघायचं त्यांनीच ठरवलं. आणि मधल्या गावच्या पाटलानं वेशीत येऊन मान खाली घालून विचारलं, “आम्ही खालच्यांचं ऐकलं नव्हतं. तरी तुम्ही कसे आलात?”

पण हे सगळं नंतरचं. त्या घटकेला वेशीत यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं. एका बाजूला बाबांचा दमत चाललेला हात होता, दुसऱ्या बाजूला सिदोजीचे हळद लावलेले हात, आणि मध्ये एक काळा दगड, उन्हानं तापलेला.

अन्नपूर्णेनं डोक्यावरचा पदर सारखा केला, दगडावर हात ठेवला, आणि सासरी आल्यापासून पहिल्यांदाच सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली,

“ऐकलं.”

तात्पर्य: शेजाऱ्याची हाक ऐकू येऊ नये म्हणून जो ढोल वाजवत बसतो, त्यानं ती आधीच ऐकलेली असते.